धूळपाटी

डोंगरकडा गावात शाळेच्या एका बाईंच्या घरी फडताळामागे एक लाकडी पाटी होती. चारी बाजूंनी बोटभर उंच पट्टी ठोकलेली. तिच्यावर बारीक माती पसरायची, बोटानं अक्षर काढायचं आणि पाटी हलवली की पुन्हा कोरी. बाईंच्या आजोबांची ही धूळपाटी. ते शिकले निजामाच्या राज्यात. शाळेत उर्दू, उजवीकडून डावीकडे. ग म भ न मात्र वडिलांनी घरी याच मातीत गिरवून घेतलं.

पुढे दगडी पाटी आली, मग वही आली. धूळपाटी मागे पडली.

बाईंचा धाकटा भाऊ चौथीत गेला तरी ‘घ’ आणि ‘ध’मध्ये अडायचा. केळीचा घड नुसत्या नजरेनं तोलायचा, वजन किलोभराच्या फरकानं सांगायचा, पण पुस्तक उघडलं की घामाघूम. ‘याच्या डोक्यात काही शिरत नाही’ असं सगळे म्हणायचे. बाईंनाही तो आळशीच वाटायचा. सातवीत त्याची शाळा सुटली. आपण तेव्हा त्याच्याशेजारी बसलो नाही, हे बाईंच्या मनातून अजून गेलेलं नाही.

डी.एड. होऊन शिक्षिका झाल्यावर एका प्रशिक्षणात त्यांनी ‘अध्ययन अक्षमता’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरनं चौदा वर्षांच्या एका मुलाबद्दल लिहिलं होतं: मुलगा चांगला हुशार, फक्त वाचता येत नाही. बाईंना भाऊच दिसला. पुढे अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी पद्धत बसवली. अक्षर बघायचं, त्याचा आवाज काढायचा आणि बोटानं गिरवायचं, तिन्ही एकदमच. हे ऐकून बाई घरी आल्या आणि त्यांनी फडताळ सरकवलं.

आता संध्याकाळी ओसरीवर धूळपाटीपुढे एका वेळी एकच लेकरू बसतं. चाळीस जणांच्या वर्गात कुणाचं बोट नेमकं कुठं थबकलं ते दिसत नाही, इथं दिसतं. एक नऊ वर्षांचा मुलगा ‘किती’वर थांबला. पहिली वेलांटी कागदावर ‘क’च्या आधी उभी, तोंडात मात्र नंतर येते. बाईंनी त्याचं बोट धरून ‘क’ काढला, ‘क’ म्हणवून घेतला, मग वेलांटी काढताना ‘इ’ लांबवायला लावली. त्याला पटलं. ‘र’ त्याहून कठीण. ‘सूर्य’मध्ये डोक्यावर चढतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरका होतो, ‘दऱ्या’मध्ये पापणीसारखा वाकतो. त्याला सगळ्यात आधी आला तो ‘ट्रक’मधला, कारण केळी भरायला ट्रक बांधावर येतो. एवढ्या एका जोडाक्षराला आठ संध्याकाळी लागल्या. बाईंना त्या जास्त वाटत नाहीत.

मुंबईत १९९६ साली अशा मुलांसाठी महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन सुरू झाली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत अध्ययन अक्षमताही आहे. बाई पालकांना हे आवर्जून सांगतात. लेकरू वेडं नाही आणि मठ्ठही नाही, हे कायद्याच्या पुस्तकात आहे म्हटलं की आईचा चेहरा सैल होतो.

पाटीसाठी रेती भाऊच चाळून आणतो. परवा तो उंबऱ्याशी टेकला होता. ओसरीवर पोरगं मोठ्यानं ‘ट्र’ म्हणत गिरवत होतं आणि भावाचं बोट स्वतःच्या गुडघ्यावर तसंच फिरत होतं.