रिकामे भांडे

कार्तिक लागला की आमच्या बेळगावच्या हवेला एक प्रकारचा समंजसपणा येतो. आषाढापासून ओलावलेल्या भिंती एव्हाना वाळलेल्या असतात, आश्विनातल्या दुपारची तलखी ओसरलेली असते, आणि सकाळी उन्हे चांगली वर येईपर्यंत गल्लीच्या टोकाचे माणूस ओळखू येत नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फुटांवर वसलेल्या या गावाला ‘गरिबांचे महाबळेश्वर’ म्हणण्याची जुनी चाल आहे. उपमा आम्हाला फारशी रुचत नाही. महाबळेश्वरास मनुष्य थंडी पाहावयास जातो. आमच्याकडे थंडी आपण होऊन स्वयंपाकघरात येते आणि चुलीशेजारी पाट मांडून बसते. कपिलेश्वराचा दीपोत्सव पाहून परतणाऱ्या मंडळींच्या तोंडी दिव्यांचे वर्णन असते हे खरे, पण उंबरठ्यावर चपला काढता काढता पहिली पृच्छा होते ती ‘आज काय केले आहे?’ अशीच.

आणि त्या दिवसांत काय केले नसते? बेळगावच्या पश्चिमेकडल्या आणि खानापुराकडल्या तांबड्या मातीतली रताळी बाजारात ढिगांनी येऊन पडतात. एकादशीला त्यांचा कीस होतो, एरवी गूळ घालून पोळ्या होतात, आणि आमच्या लहानपणी तर रात्री विझत्या चुलीच्या राखेत दोन-चार रताळी पुरून ठेवण्याचा अधिकार मुलांचा असे. ओल्या शेंगा उकडलेल्या असत, पावट्याच्या शेंगा सोलण्यासाठी सुपे पुढे ओढली जात. येळ्ळूर, अनगोळ, शहापूर या भागांतल्या शिवारातला बासमती घरात येई, आणि तो शिजत असला की तीन घरांपलीकडे कळत असे. नवा तांदूळ मात्र मोठा हट्टी. जुन्याइतके पाणी घातले की त्याचा गोळा होतो. त्याला हात आखडून पाणी घालावे लागते, आणि किती आखडावयाचा हे कोणत्याही पाकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा आदल्या वर्षीच्या फजितीवरून अधिक चांगले कळते. पहिल्या भाताची मूद देवापुढे जाई. ती थोडी चिकट झाली म्हणून देवाने कधी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आमच्या शहापुरातल्या घरात दोन प्रकारचे स्वयंपाक नांदत असत. आजी गोव्याकडची. तिच्या लेखी दिवाळी म्हणजे फोव, तेही रोसातले, दुधातले आणि ताकातले, आणि तुळशीचे लग्न म्हणजे ‘व्हडली दिवाळी’. आई निपाणीची. तिच्या माहेरची जमीन काळी आणि पीक तंबाखूचे. कार्तिक-मार्गशीर्षात निपाणीच्या बाजूस गेले तर रस्त्याच्या दोहो अंगांस रुंद पानांची हिरवी रोपे दवात उभी दिसतात. पाहावयास शेत असे देखणे की पोट भरावे, पण खाण्याच्या कामाचे त्यात एक पान नाही. आई म्हणे, ‘आमच्या शेतातल्या पिकाचा नैवेद्य होत नाही, त्याच्या पैशाचा होतो.’ त्या पैशाकरिता तेथील शेतकऱ्याला काय झुंजावे लागले हे १९८१ सालच्या निपाणीच्या आंदोलनाने साऱ्या देशाला दाखवले. आणि वखारीत दिवसभर तंबाखूची धूळ अंगावर घेऊन, संध्याकाळी हात तीनतीनदा धुऊन भाकरी थापणाऱ्या बायांविषयी तर अजूनही पुरेसे लिहिले गेलेले नाही. त्या घरांतून आलेल्या आमच्या आईला अन्न वाया गेलेले खपत नसे, यात नवल नव्हते.

तिच्या आवडीचे अन्न म्हणजे ताकातल्या कण्या. जोंधळा जाडसर भरडावा, पाखडून पीठ निराळे काढावे, आणि कण्या पाण्यात मऊ शिजवून निवल्यावर त्यांत ताक, मीठ आणि ठेचलेला लसूण घालावा. यात कौतुक करण्यासारखे काही नाही. पाहुणा आला तर कोणी हे वाढत नाही. आजीच्या मते तर हे अन्नच नव्हते. तिचा विश्वास तांदळाच्या पेजेवर, सोबत मिठातले तोर. आई पेजेला खासगीत ‘पांढरे पाणी’ म्हणे. उघडपणे म्हणण्याची अर्थातच प्राज्ञा नव्हती.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या भाषेत आभार मानण्याला घरगुती शब्द नाही, अशी एक तक्रार सुशिक्षितांकडून ऐकू येते. ‘आभारी आहे’ हे सभेत शोभते, ‘धन्यवाद’ हे पत्राच्या अखेरीस. हल्ली मुले पाण्याचा पेला हाती दिला तरी ‘थँक्यू’ म्हणतात, आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नाही. कोकणीत मात्र ‘देव बरें करूं’ असे म्हणतात. यात बोलणारा स्वतःकडे काहीच घेत नाही. फेड करण्याचे काम परस्पर देवावर सोपवून मोकळा होतो. मराठी पंगतीत ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून उठतात, तोही त्याच जातीचा आशीर्वाद. परंतु पुरुषमंडळींनी तृप्तीने हा आशीर्वाद उच्चारावा त्या वेळी रांधणारी बहुधा मोरीशी खरकटी काढीत असावयाची, आणि तिचे पान अद्याप मांडलेलेही नसावयाचे, हेही आम्ही पुष्कळ पाहिले आहे. देवाचा नैवेद्य, गाईचा घास, कावळ्याचा घास, पाटाभोवतीच्या चित्राहुती, सर्वांचे वाटे आपल्या धर्माने ठरवून ठेवले. चुलीपुढच्या बाईचा वाटा तेवढा तिच्या समजूतदारपणावर सोडला. असो.

बायकांनी मात्र आपापसांत एक नियम केला होता, आणि तो कोणत्याही पोथीत नसला तरी कोणत्याही व्रतापेक्षा कडकपणे पाळला जाई. शेजारणीकडून आलेले भांडे रिकामे परत पाठवावयाचे नाही. काही नसले तर चिमूटभर साखर, चार लाह्या, परसातली दोन लिंबे; पण तळ दिसता कामा नये. शब्दाची अडचण अशा रीतीने भांड्याने सोडवली होती.

आम्ही मराठी पाचवीत असताना ऐन कार्तिकात आई विषमज्वराने अंथरुणास खिळली. त्या काळी या दुखण्याचे एकवीस दिवस मोजण्याची रीत होती, आणि प्रत्येक दिवस आजी भिंतीवर कोळशाने ओढीत असे. आजीची दृष्टी अधू झालेली. वडिलांना चहापलीकडे काही येत नव्हते. तुळशीचे लग्न लागले ते ऊस आणि चिंचा-आवळे शेजाऱ्यांनी आणून दिले म्हणून. पलीकडच्या बिऱ्हाडात एक कानडी कुटुंब होते. त्या बाईंना सारी गल्ली अक्का म्हणे. मधली भिंत पुरुषभर उंचीची. तिच्यावरून रोज दुपारी एक पितळी कडीचा डबा अलीकडे येऊ लागला. त्यात आम्हा सर्वांपुरत्या जोंधळ्याच्या भाकरी, म्हणजे त्यांच्या रोट्ट्या, आणि शेंगांची चटणी असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, आणि तेव्हापासून याच दिवसांच्या आसपास गावात तो दिवस कोणी उत्सवाने पाळतात, कोणी काळा दिन म्हणून. त्या वर्षीही दोन्ही झाले असणार. आमच्या आठवणीत त्या तारखेचा डबा चुकलेला नाही, एवढेच सांगावयाचे आहे.

ताप उतरला, पण आईची अन्नावरची वासना गेली. डॉक्टरांनी मऊ आहार सांगितलेला. आजीने पेजेची पराकाष्ठा केली. सकाळी पेज, संध्याकाळी पेज, मध्ये पेजेची निवळ. आई दोन घोट घेई आणि भिंतीकडे तोंड करी. एका दुपारी डब्याच्या वरच्या ताटलीत निराळे काही आले. अक्का म्हणाल्या, ‘नुच्चु आहे, बघा जाते का.’ आईने पहिला घास घेतला आणि थांबली. मग कोणाकडे न पाहता ताटली निपटून खाल्ली आणि पदर डोळ्यांना लावला. तो कानडी नुच्चु म्हणजे तिच्या माहेरच्या ताकातल्या कण्याच होत्या; लसणीच्या जागी जिरे, इतकाच काय तो फरक. आजीने हे सारे दारात उभे राहून पाहिले. सासू म्हणून तिला काय वाटले असेल ते आम्ही सांगू शकणार नाही. तिने भिंतीपाशी जाऊन अक्कांना एवढेच म्हटले, ‘देव बरें करूं.’ अक्कांना कोकणी येत नव्हती, पण त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून आजीने पेज बंद केली आणि भिंतीवरून अक्कांना विचारून विचारून जोंधळा भरडावयास घेतला.

आई उठून बसू लागली तेव्हा शेवटचा आलेला डबा आमच्याकडेच होता. आजीने तो घासून त्यात साखर भरली. आईने साखर परत काढावयास लावली. साखर बाजारची, माझ्या हातचे काही केल्याशिवाय हा डबा जायचा नाही, असे तिचे म्हणणे. परंतु तिला चुलीपाशी जाण्याची अजून मनाई होती, आणि एवढ्यात अक्कांच्या यजमानांची विजापूरला बदली झाली. सरकारी हुकूम, चार दिवसांत बिऱ्हाड हलले. निघताना आई डब्याविषयी बोलू लागली तेव्हा अक्का हसून म्हणाल्या, ‘इरली बिडरी’, म्हणजे राहू द्या हो. आल्यावर भरलेला नेईन. त्या पुन्हा आल्या नाहीत. वर्ष-दोन वर्षे पत्रे आली. पुढे आणखी कोठे बदली झाली, आणि पत्ता हरवला.

डब्याच्या पोटावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेले नाव होते, कानडी अक्षरांत. वडिलांना कचेरीमुळे ती लिपी अवगत. आम्हा इतरांना ती वेलबुट्टी वाटे. तो फळीवर पालथा पडून राहिला. पुढच्या कार्तिकात आमच्याच भागातल्या एका विणकराच्या घरी दुखणे आले, माग थांबला. आईने कण्या शिजवल्या, अक्कांच्याप्रमाणे जिरे घातले, आणि डबा खाली काढला. आजी हबकली. ‘तें आमचें न्हय,’ ती म्हणाली. दुसऱ्याच्या वस्तूवर दानधर्म करणे तिच्या हिशेबात बसेना, आणि तिचे म्हणणे खोटे नव्हते. आई म्हणाली, ‘आपला नाही, म्हणूनच घरात ठेवायचा नाही.’

डबा गेला. आठ दिवसांनी परत आला तो आत पोह्याचे दोन लाडू घेऊन. आईने त्यांतला एक देवापुढे ठेवला आणि दुसरा आम्हा भावंडांत वाटला. त्यानंतर तो डबा आमच्या फळीवर फारसा राहिला नाही. बाळंतीण, आजारी माणूस, सुतकात चूल न पेटलेले घर, परीक्षेला आलेला परगावचा मुलगा, असे त्याचे यजमान बदलत गेले. एकदा तो मार्गशीर्षातल्या अमावस्येला शिवारात जाऊन आला. त्या दिवशी आमच्याकडचे कानडी शेतकरी शेतात अन्नाचा चरग शिंपडतात आणि मग बांधावर बसून जेवतात. त्यांच्याकडून परत येताना डब्यात तीळ लावलेली बाजरीची रोट्टी आणि शेंगांची होळगी होती. आजी तोवर सश्रद्ध झाली होती. डबा परत आला की आता तीच तो आधी उघडी, आणि आत काय आहे हे सांगण्यापूर्वी आम्हाला विचारी, ‘पोट भरलें मरे?’

आजी गेली, आई गेली. जाण्यापूर्वी आईने दागिन्यांची वाटणी एका वाक्यात केली; डब्याविषयी मात्र सूनबाईंना जवळ बसवून बराच वेळ सांगितले. चिंचेने घासून घासून त्यावरचे नाव आता पुसट झाले आहे. बोट फिरवले तर लागते, डोळ्यांना दिसत नाही. कल्हईही उडाली आहे. गल्लीतून ‘कल्हई’ म्हणून ओरडत जाणारे लोक दिसेनासे झाले, आणि कल्हईवाचून पितळेत आंबट घातले की कळकते. म्हणजे ज्या कण्यांसाठी हे सारे घडले त्याच त्यात पाठवता येत नाहीत. सध्या कोरड्या जिनसांवर भागवावे लागते. यंदा वैकुंठ चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी तो रताळ्याच्या पोळ्या घेऊन देवळाच्या पुजाऱ्यांच्या घरी गेला आहे. त्यांच्याकडे लेक बाळंतपणाला आली आहे. सूनबाईंनी एका कल्हईवाल्याची चौकशी करून ठेवली आहे. तो मार्गशीर्षात निपाणीकडून येतो आणि दोनच दिवस मुक्काम करतो, असे समजते. तेवढ्यात डबा परत यावयास हवा.