रोमच्या वाटेवरील बंदर

सहलीच्या जहाजाने रोमला जाणारे यात्रेकरू चिवितावेक्किया बंदरात उतरतात. तेथून रोम सुमारे ८० किलोमीटर. बाहेर वाहनवाल्यांचा गराडा पडतो. ‘आपले जहाज किती वाजता सुटते?’ असे जो प्रथम विचारील, त्याच्याशीच भाडे बोलावे. कारण जहाज आपल्या सहलीसाठी थांबेल, परक्या गाडीसाठी नाही. संत पीटरच्या महामंदिरात प्रवेश विनामूल्य आहे; प्रवेशाचे पैसे मागणारा टाळावा.

आणि परतीच्या वेळी अर्धा तास हाती राखून गावातील जपानी रक्तसाक्ष्यांच्या ख्रिस्तमंदिरापाशी थांबणारा सारथी भेटला, तर चार पैसे अधिक द्यावेत. नागासाकीस १५९७ साली क्रुसावर प्राण अर्पिलेल्या त्या २६ जणांत वसईचे संत गोन्सालो गार्सिया होते. तेथील चित्रात पवित्र मरिया जपानी किमोनो ल्याली आहे.