शेवटची गोळी कधी घेतली?

आमच्या ब्राह्मणपारा वस्तीत माझी ओळख ‘एका टोचणीत भूल देणारे डॉक्टर’ अशी आहे. ही ख्याती मी कधी खोडून काढली नाही, उलट जपली. आता उजवा अंगठा दुखतो, आणि मणक्यांमधली फट पहिल्या प्रयत्नात सापडेलच असं नाही. एरवी दुसऱ्यांदा टोचलं तर फारसं बिघडत नाही. पण रक्त पातळ असलेल्या ऐंशीच्या आजींच्या पाठीत सुई पुन्हा पुन्हा फिरवणं मला परवडत नाही. स्वीडनमधल्या १९९०-९९च्या नोंदींत एपिड्युरल म्हणजे पाठीतून दिलेल्या भुलीनंतर मणक्यात रक्त साचण्याचं प्रमाण बाळंतिणींत दोन लाखांत एक होतं. गुडघा बदलून घेणाऱ्या बायकांत ते ३,६०० मध्ये एक निघालं. हा दुसरा आकडा मला झोपू देत नाही.

शेवटच्या मात्रेनंतर सुई टोचायला किती तास थांबायचं, ते गणित पाठ आहे. रक्त पातळ करणारं एनॉक्सापॅरिन कमी मात्रेत असेल तर १२ तास, पूर्ण मात्रेत २४. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस. पण हे तास मोजायचे कुठून? खुबा मोडलेल्या बाईचा मुलगा ठामपणे सांगतो, “खून पतला वाली तो बंद है, डॉक्टर साब. ये तो दिल वाली है.” ती दिलवाली म्हणजे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध, तिन्ही एकाच कॅप्सूलमध्ये! घरच्यांनी बंद केलेली असते ती साधी ॲस्पिरिन. नुसत्या तिच्यावर तर मी बेधडक पाठीत स्पायनल दिला असता. म्हणून आता मी तोंडी उत्तर घेतच नाही, सगळी पाकिटं पिशवीसकट मागवतो. हृदयरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर ‘ब्लड थिनर थांबवा’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं, कधीपासून? ते विचारायला फोन केला की साहेब राउंडवर असतात.

आणि सात दिवस थांबायचं तर खुबा थांबत नाही. दोन दिवसांपलीकडे आजी खाटेवर पडून राहिल्या की छाती भरते. सर्जन दारातून विचारतात, “देताय ना स्पायनल?” माझ्या पिढीतले काही जण अजून म्हणतात, “आपण कुठे कुणाला विचारायचो? काय झालं?” झालेलं त्यांना कुणी कळवलं नसेल, असं माझं मत.

माझी विद्यार्थिनी अशा वेळी पाठीला हातच लावत नाही. अल्ट्रासाउंड लावून मांडीतली नस बधिर करते, म्हणजे रक्त आलंच तर वरून दाबता येतं, आणि मग पूर्ण भूल देते. २०१८ साली आलेला, खुब्याच्या नसा बधिर करणारा पेंग ब्लॉकही तिला येतो. तो मात्र खोल, तिथे दाबायला जागा नाही. यावरून आमचे वाद होतात, बहुतेक ती जिंकते.

सुई आता मी तिच्याच हातात देतो. पण बाहेर येऊन नातेवाइकांना “एकदाच टोचलं” असं मीच सांगतो, आणि कुणाच्या हाताने ते सांगत नाही.