खोडलेली किंमत

सवलतीच्या जाहिरातीत नेहमी दोन आकडे असतात. एक ठळक, मोठा. आणि त्याच्या शेजारी बारीक, मधून रेघ मारलेला दुसरा. तुमची-माझी नजर ठळक आकड्यावर जाते. माझ्या यजमानांची नजर मात्र गेले दीड वर्ष त्या खोडलेल्या आकड्यावर असते. ती तिथे कशी गेली आणि त्यातून आमच्या घरी काय घडले, हे ज्यांच्या घरी वृद्ध माणूस आणि मोबाइल दोन्ही आहेत त्यांनी वाचावे, असे मला वाटते.

हे रेल्वेच्या मालधक्क्यावर लिपिक होते. त्यांचे सारे आयुष्य नागपुरात दरपुस्तकाच्या सोबतीने गेले. कोणत्या मालाला, किती अंतराला, किती भाडे, हे त्या पुस्तकात छापलेले असे. समोर इतवारीतला बडा व्यापारी उभा असो की काटोलकडचा संत्र्यांचा बागायतदार, दर तोच. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. चालणे हळूहळू सुधारले, बोलणेही बरेचसे परतले. उजवा हात मात्र हट्टी निघाला. व्यवसायोपचार करणाऱ्या ताईंनी रोज थोडे लिहायला सांगितले होते. मी वही आणून दिली, नातीच्या पाठ्यपुस्तकातले उतारे समोर ठेवले. दोन दिवस त्यांनी लिहिले आणि तिसऱ्या दिवशी वही बाजूला सारली. ज्या हाताने चाळीस वर्षे हिशेब लिहिला, त्याने आता ससा-कासवाची गोष्ट उतरवायची, याचे त्यांना वाईट वाटत होते. ते बोलले नाहीत. पण मला कळले.

त्याच दिवाळीत पुण्याला शिकणारा आमचा नातू घरी आला आणि त्याने संगणकावर आगगाडी चालवण्याचा एक खेळ लावून दिला. आजोबांचा जीव रेल्वेत अडकलेला. कामठी रस्त्यावरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात ते आजही तासभर सहज रमतात, आणि २०१९ मध्ये नागपूर-नागभीड छोटी गाडी बंद झाली तेव्हा घरातले कोणी गेल्यासारखे गप्प होते. पडद्यावर इंजिन हलले तसा त्यांचा चेहरा उजळला. मग समजले की मूळ खेळ स्वस्त असला तरी प्रत्येक नवा मार्ग आणि प्रत्येक नवे इंजिन वेगळे विकत घ्यावे लागते. अशा खेळांचे सगळे जोडभाग घ्यायचे म्हटले तर एकूण बेरीज संगणकाच्या किमतीच्याही पुढे जाते. एका मार्गावर साठ टक्के सवलत होती आणि नातू म्हणाला, "आबा, आजच घेऊ या, उद्या संपेल."

यांनी विचारले, "दरपुस्तक कुठे आहे?"

प्रश्न साधा होता. पण त्याचे उत्तर सरळ नव्हते. आपल्याकडे पाकिटातल्या मालावर सर्व करांसह कमाल विक्री किंमत छापणे बंधनकारक आहे. बिस्किटाचा पुडा घ्या, औषधाची पट्टी घ्या, आकडा सापडतोच. संगणकावर उतरवून घेण्याच्या खेळाला पाकीटच नाही, त्यामुळे छापील किंमतही नाही. 'स्टीम' हे अशा खेळांचे मोठे दुकान. तिथे नोव्हेंबर २०१५ पर्यंत भारतीय ग्राहकालाही डॉलरमध्ये पैसे मोजावे लागत. तेव्हापासून रुपयांत किंमत दिसू लागली. पण ती ठरवतो प्रकाशक, देशोदेशी वेगळी. दुकान फक्त सुचवते, आणि त्या सूचनाही बदलतात. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या बऱ्याच देशांसाठी नव्याने काढल्या गेल्या. म्हणजे पाटी एकच, तीही पुसता येणारी.

दरपुस्तक नाही म्हटल्यावर यांनी ते स्वतःच लिहायला घेतले. उतारे लिहिण्याची तीच बाजूला पडलेली वही. तारीख, मूळ किंमत, सवलत, हातात पडणारी किंमत, शेरा: असे पाच रकाने. पहिल्या पानावरचे आकडे मुंग्यांच्या रांगेसारखे वेडेवाकडे आहेत. दोन-तीन दुकानांतले निवडक खेळ आणि जोडभाग ते रोज सकाळी रक्तदाबाच्या गोळीनंतर तपासत आणि बदल झाला की नोंद करीत. किमतींचा इतिहास सांगणारी 'स्टीमडीबी'सारखी स्वतंत्र संकेतस्थळे आहेत, हे नातवाने दाखवले. तीही ते पडताळून पाहतात. पण स्वतःच्या नोंदीवर त्यांचा विश्वास अधिक. तो लिपिकाचा स्वभाव, त्याला इलाज नाही.

वहीने काय दाखवले? 'उद्या संपेल' असे म्हटलेली ती साठ टक्क्यांची सवलत वर्षभरात चार वेळा आली, दर वेळी तेवढीच. उन्हाळ्यात, शरदात, डिसेंबरच्या अखेरीस असे विक्रीचे हंगाम ठरलेले असतात. संत्र्याच्या मृग आणि आंबिया बहारासारखे, असे हे म्हणतात. दुसरी नोंद मला अधिक बोलकी वाटली. एका जोडभागाची मूळ किंमत ८९९ रुपये होती आणि २५ टक्के सवलतीत तो ६७४ रुपयांना मिळत होता. मधल्या काळात मूळ किंमत ११९९ झाली. पुढच्या हंगामात सवलत ४० टक्के! आणि किंमत ७१९ रुपये. सवलत वाढली, वस्तू महागली. पानावर दिसत होते ते सारे खरेच होते. फक्त मागचे पान तिथे नव्हते.

याला लगाम घालणारे नियम आहेत. युरोपीय संघात मे २०२२ पासून सवलत जाहीर करताना आधीच्या तीस दिवसांतली सर्वांत कमी किंमत सांगावी लागते. किंमत वाढवल्यावर तीस दिवस सवलत देता येत नाही, असा स्टीमचा स्वतःचाही दंडक आहे. तीस दिवस चांगलेच; पण आमच्या वहीतल्या त्या दोन नोंदींमध्ये सात महिने गेले होते. इतके कोण लक्षात ठेवणार? आणि विक्रेत्याला नेमके तेच हवे असते.

आता आरोग्याच्या पाक्षिकात हे कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्याच इमारतीतल्या एक आजी मोबाइलवर रंगीत गोट्या जुळवण्याचा खेळ खेळतात. एकटेपणात त्याची सोबत होते, त्यात गैर काही नाही. पण पडद्यावर उलटे घड्याळ टिकटिकू लागले आणि 'शेवटची ४ मिनिटे' असे लाल अक्षरांत आले की त्यांचे हात कापतात. एकदा तर त्या रात्री अकराला आमच्याकडे आल्या. नाण्यांची थैली स्वस्तात जात होती आणि चष्मा सापडत नव्हता. औषधांच्या वेळा, बँकेचे निरोप, दवाखान्याच्या तारखा यांच्या धाकात जगणाऱ्या माणसाला ही आणखी एक कृत्रिम निकड कशाला? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी अधिसूचित केली. तिच्यात खोटी निकड अगदी आरंभीच येते. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तो आमच्या फ्रिजवर रुग्णवाहिकेच्या क्रमांकाखाली चिकटवलेला आहे.

नाण्यांच्या थैल्यांविषयी एवढेच सांगते, की तिथे तर खोडलेली किंमतसुद्धा कळत नाही. रुपये देऊन हिरे घ्यायचे, हिरे देऊन वस्तू घ्यायची. वस्तू ऐंशी हिऱ्यांची आणि थैली शंभरची. उरलेले वीस हिरे आपल्याला पुन्हा दुकानात ओढतात. 'फोर्टनाइट' या खेळात एका बटणाने नकळत खरेदी होत असे, त्या प्रकरणात अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२२ मध्ये एपिक गेम्स कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी २४.५ कोटी डॉलर भरायला लावले. तेव्हा घरातल्या फोनवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारला जाईल अशी व्यवस्था करून घ्यावी. मासिक वर्गणी आपोआप कापली जाण्याच्या चोवीस तास आधी सूचना येते, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. तो निरोप काळजी घेणाऱ्याने वाचावा, न वाचता पुसू नये.

परताव्याचीही एक गंमत आहे. स्टीमवर घेतलेला खेळ चौदा दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. तरुणाला दोन तास पुरतात. आमच्याकडे खेळ उघडा ठेवून मध्येच पाणी, मध्येच व्यायाम, मध्येच डुलकी. आणि ते तास चालूच राहतात. म्हणून उठताना खेळ बंद करायचा, हा नियम नातवाने भिंतीवर लिहून ठेवला आहे.

यातून यजमान कंजूष झाले असे मात्र नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली 'राजी' नावाचा खेळ काढला. पहाडी चित्रशैलीची छाया असलेला, आपल्या देवादिकांच्या कथांवर उभा. तो नातवाला हवा होता आणि सवलत नव्हती. यांनी वहीत पाहिले, थोडा विचार केला आणि पूर्ण किंमत देऊन घेऊन दिला. "विकणाऱ्या दुकानाचेच तीस टक्के जातात म्हणे, करणाऱ्यांना काहीतरी उरू दे." मालधक्क्यावर हमालीचा दर त्यांनी कधी पाडू दिला नव्हता, हे मला ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात त्यांनी वेगळाच प्रश्न काढला: "माझ्यामागे हे मार्ग याला मिळतील ना?" नातवाने अटी वाचल्या. खेळ विकत घेतला म्हणजे तो आपला होत नाही. वापरण्याचा परवाना तेवढा मिळतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे कायद्याने भाग आहे. आणि स्टीमचे खाते मृत्युपत्राने कोणाच्या नावे करता येत नाही. नातू चाचरत हे सांगत होता. मी विषय बदलणार होते, तोवर यांनी वही ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: अहस्तांतरणीय. रेल्वेच्या तिकिटांमुळे त्यांच्या ओळखीचा शब्द. उजव्या हाताने, एकेक जोडाक्षर सावकाश काढत. तो वाचता येतो. मग त्यांनी पान उलटून पुढच्या महिन्याचे रकाने आखायला घेतले. पट्टी मी धरली.