गाढीच्या दोन्ही काठांवर

माझं माहेर नैनात आणि सासर पनवेल महापालिकेत. दोन घरांमध्ये माथेरान रोड आहे आणि गाढी नदी आहे. वाहतूक नसेल तर अर्ध्या तासाच्या आत मी आईकडे पोचते. एवढ्याशा अंतरात कारभार मात्र पुरता बदलतो.

नेरे भागातलं आमचं गाव 2013च्या जानेवारीत नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित क्षेत्रात, म्हणजे नैनात गेलं. तेव्हापासून तिथल्या जमिनीचं नियोजन सिडको या सरकारी महामंडळाकडे आणि दिवाबत्ती, गटारं, नळ ग्रामपंचायतीकडे. मी लग्न होऊन नवीन पनवेलला आले तेव्हा तिथलं सगळंच सिडको पाहत असे. पुढे 1 ऑक्टोबर 2016 रोजी जुनी पनवेल नगरपालिका, 29 महसुली गावं आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या वसाहती एकत्र करून महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ही पहिली महापालिका. आता माझ्या इमारतीचा कचरा महापालिका उचलते, पण नळाचं पाणी सिडकोचं. सुकापूर, देवद, विचुंबे ही आमच्या खिडकीतून दिसणारी वस्ती त्या हद्दीबाहेर राहिली.

या हद्दींचा मी कधी फारसा विचार केला नव्हता. तो करायची वेळ आली दादाच्या जमिनीमुळे.

त्याच्या हातात नगर रचना परियोजनेची नोटीस होती. आमच्याकडे सगळे नुसतं टीपीएस म्हणतात. मालकाच्या जमिनीपैकी 40 टक्के अंतिम भूखंड म्हणून त्याच्याकडे राहते. उरलेल्या 60 टक्क्यांतून रस्ते, बागा, शाळा, दवाखाने आणि बाकीच्या सोयी निघतात. साठ टक्के हा आकडा आमच्या पट्ट्यात कुणाला सहज पचत नाही. सिडकोची जमीन आणि शेतकरी म्हटलं की 1984च्या जानेवारीतला जासईचा लढा आठवतो. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, गोळीबार झाला, पाच जण गेले, आणि त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना पदरात पडली. ज्या घरांनी हे ऐकलं आहे ती घरं नकाशा बारकाईने पाहतात.

दादानेही पाहिला. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून त्याने आपल्या शेतातून जाणारा ओढा शोधला. रस्ते ठळक होते, भूखंडांना क्रमांक होते. ओढ्याची निळी रेघ मात्र परियोजनेच्या सीमेवर येऊन थांबत होती.

"ताई, हा पुढे तुझ्याकडेच येतो ना?" त्याने विचारलं. मी धाकटी असले तरी शाळेत शिकवायला लागल्यापासून तो मला ताईच म्हणतो. "मग पुढचा कागद कुठाय?"

पुढचा कागद दुसऱ्या कचेरीत होता. माझ्याकडे महापालिकेच्या हद्दीचा नकाशा होता, तो आणला. त्यात नवीन पनवेल होतं, नदीही होती, पण हद्दीच्या वरचा सगळा भाग कोरा. दोन नकाशे शेजारी ठेवले, तर मोजमाप वेगळं, खुणा वेगळ्या. एकाचं टोक दुसऱ्याला जुळेना. वहिनी भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "नदी एकच आहे, तर जाऊन बघा की." मग आम्ही खरोखर गेलो. दादा, मी, आमच्या सोसायटीतले एक निवृत्त स्थापत्य अभियंता काका आणि गावातले दोघे. एका दमात नव्हे, सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं, वरून खाली.

वर माथेरानच्या डोंगराखाली मालडुंग्याजवळ देहरंग धरण आहे. जुन्या पनवेलचं हे स्वतःचं पाणी. गाळ साचलेला, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर साठा संपत येतो आणि शहर बाहेरच्या पाण्यावर येतं. पण मला तिथे उभं राहून वेगळंच जाणवलं. पनवेल नगरपालिका 1852ची, राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. शहराच्या तहानेसाठी ती हद्दीबाहेर, डोंगरापर्यंत आली होती. हद्दीत राहून शहर जगत नाही, हे पनवेलच्या जुन्या कारभाऱ्यांना ठाऊक होतं.

धरणाखाली भातशेती, आदिवासी वाड्या, फार्महाऊसच्या भिंती. नेऱ्याच्या खाली इमारती सुरू होतात आणि नदीचा रंग बदलतो. देवद, विचुंब्याच्या आसपास पाच-सात मजली इमारती थेट काठाशी आल्या आहेत. ग्रामपंचायतीच्या नळाला पुरेसा दाब नाही म्हणून आत टँकर उभा, आणि मागच्या बाजूने सांडपाणी ओढ्यात. तिथे राहणारी माणसंही आमच्यासारखीच, मुंबईत जागा न परवडलेली, पहाटेची लोकल पकडणारी. पनवेल स्थानक महापालिकेत, त्यांचं घर ग्रामपंचायतीत. गाढीवरचा उमरोलीकडचा पूल जोराच्या पावसात पाण्याखाली जातो, तेव्हा त्या बाजूच्या मुलांची शाळा बुडते. माझ्या वर्गातली रिकामी बाकं पाहून मला पाण्याची पातळी कळते.

त्याखाली नवीन पनवेल, मग रेल्वे, मग जुनं गाव आणि खाडी. काका चालता चालता 26 जुलै 2005च्या पुराबद्दल सांगत होते. डोंगरात पडलेला पाऊस आणि खाडीची भरती यांची गाठ पडली की गाढीला जायला जागाच उरत नाही, ती सखल वस्त्यांत शिरते. तेव्हा वरच्या अंगाला शेतं होती, ती पाणी धरून ठेवत. आता त्या शेतांवर काँक्रीट येणार. खाली विमानतळासाठी प्रचंड भराव झाला, उलवे नदीचा प्रवाह वळवला, दहा गावं हलली. वरचं एक नियोजन, मधलं दुसरं, खालचं तिसरं. पाऊस मात्र तिन्हींवर एकाच वेळी पडतो.

मला कुणा एका कचेरीवर खापर फोडायचं नाही. प्रत्येकीने आपापल्या हद्दीतलं काम कायद्याप्रमाणे केलं असेल, पण आमच्या भागातला पूर त्या हद्दींच्या सांध्यांमधून शिरतो.

एकत्र येणं अशक्य आहे असंही नाही. न्हावा-शेवा पाणीपुरवठा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, पनवेल महापालिका, सिडको, एमएमआरडीए आणि न्हावा-शेवाचं बंदर अशा सगळ्यांनी वाटा उचलला. खालापूर तालुक्यातलं मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं, पण त्यातलं काही पाणी कामोठे-खारघरलाही येतं. नवी मुंबईची एनएमएमटी बस हद्द ओलांडून पनवेलला रोज येते आणि माणसं त्यात बसतात. कुणी विचारत नाही बस कुठल्या महापालिकेची. म्हणजे नळ आणि बस यांच्यापुरतं आपल्याला जमतं. पुढच्या वीस वर्षांची घरं, गटारं, नदी आणि रस्ते यांच्यासाठी मात्र एक टेबल नाही.

टेबलाची सोय राज्यघटनेत आहे, हे मला काकांनी सांगितलं. 74व्या घटनादुरुस्तीतला अनुच्छेद 243 झेडई महानगर नियोजन समितीचा आहे. तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून, त्यांनीच निवडलेले असावेत, आणि जागांची वाटणी शहर-ग्रामीण लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावी. महाराष्ट्राने 1999 साली यासाठी कायदाही केला. पुणे महानगर नियोजन समितीची निवडणूक 2021च्या नोव्हेंबरात झाली. हे सगळं कळल्यावर मी गावच्या सरपंचबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, मला टीपीएसच्या सुनावणीला बोलावतात ते एक गावकरी म्हणून. नकाशा आखायला बसवणार असतील तर मी नऊवारी सावरून पहाटे येईन."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. आमच्याकडे महापालिकेच्या पहिल्या सभागृहाची मुदत 2022 साली संपली आणि पुढे बरीच वर्षं प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात हद्दीच्या आतल्या आम्हालाही आखणीत आवाज नव्हता, बाहेरच्यांना तर कधीच नव्हता. अधिकारी हुशार असतात, नकाशे नेटके काढतात. पण कुठल्या ओढ्याला कुठल्या अमावस्येच्या भरतीत फुगवटा येतो हे दादाला ठाऊक आहे, आणि कुठल्या सोसायटीच्या तळघरात ते पाणी निघतं हे आमच्या वॉचमनला. ही दोन माणसं एका खोलीत आणणं हे नियोजनाचं पहिलं काम आहे असं मी मानते.

म्हणून आम्ही आपल्यापुरती ती खोली केली. ग्रामपंचायतीच्या सभागृहात दोन्ही काठांचे लोक बसले. सुरुवात भांडणाने झाली. खालचे म्हणाले, तुमचं सांडपाणी आमच्याकडे येतं. वरचे म्हणाले, आमचं पाणी अडवून तुम्ही पिता आणि आम्हाला टँकर. दोन्ही खरं होतं. चहा झाल्यावर काकांनी फळ्यावर डोंगरापासून खाडीपर्यंत नदीची एक अखंड रेघ काढली, हद्दी न दाखवता, आणि प्रत्येकाला आपल्या घराची खूण करायला सांगितलं. कुणाचं सांडपाणी कुणाच्या दारात जातं ते सगळ्यांना दिसलं. त्यानंतर बोलणं कामाचं झालं.

तीन मागण्या ठरल्या. गाढी आणि तिच्या शेजारची काळुंद्रे या नद्यांची पूररेषा एकाच मोजमापावर, उगमापासून खाडीपर्यंत आखावी. नैनातल्या परियोजनांची मलनिस्सारण केंद्रं आणि नवीन पनवेलची व्यवस्था एकत्र विचारात घ्यावी, म्हणजे ग्रामपंचायत हद्दीतल्या आजच्या इमारतींनाही जोडणी मिळेल. आणि माथेरान रोडची रुंदी हद्द बदलली म्हणून बदलू नये.

पत्रावर सरपंचबाईंची सही आणि शिक्का आहे, आमच्या भागातल्या सोसायट्यांच्या अध्यक्षांच्या सह्या आहेत. वरचं, मधलं आणि खालचं नियोजन पाहणाऱ्या तिन्ही कचेऱ्यांसाठी प्रत एकच ठेवली, मुद्दाम, म्हणजे प्रत्येकीला बाकीच्या दोघींची नावं दिसतील. दोन ठिकाणी आवक शिक्का मिळाला आहे. तिसरीकडे सोमवारी दादा आणि मी जाणार आहोत, आणि एकत्र बैठकीची तारीख लेखी मागणार आहोत.