पाहुणीची ताटली

ग्वारीघाटावरून आणलेली ती कुत्री आमच्याकडे पाहुणीच होती. कायमचे घर मिळेपर्यंतची. पहिल्याच दिवशी ताटलीजवळ जाताच ती गुरगुरली. आम्ही रागाने ताटली उचलली. दुसऱ्या दिवशी तिने दात दाखविले. चूक आमचीच. नर्मदेकाठी भंडाऱ्याच्या उष्ट्या पत्रावळीसाठी झुंजलेल्या जिवाला जवळ येणारे प्रत्येक पाऊल लुटारूचेच वाटणार!

मग मुलांना दूर ठेवून, ती जेवत असता आम्ही चार हातांवरून उकडलेल्या अंड्याचा तुकडा टाकून माघारी फिरू लागलो. अंतर रोज वीतभर घटविले. तिचे अंग ताठले की पुन्हा वाढविले. तीन आठवड्यांनी आमची चाहूल लागताच शेपूट हलले.

आता तिला न्यावयास कोणी आले, की गुरगुरण्याची पाळी आमची!