निकष आणि धूळ

मराठी समीक्षेची परिभाषा बऱ्याच अंशी सोनाराच्या दुकानातून आली आहे, ही गोष्ट साहित्य शिकवणारे आम्ही लोक सहसा ध्यानात ठेवत नाही. ‘निकष’ हा मुळात सोने घासून पाहण्याचा काळा दगड, ‘कसोटी’ही तोच. ‘हिणकस’ म्हणजे ज्यात हीण मिसळले आहे ते, आणि ‘बावनकशी’ म्हणजे ज्याच्या शुद्धतेबद्दल वाद नाही असे. शब्द उरले, दगड मात्र मागे सरकला आणि त्याच्या जागी क्ष-किरणांचे यंत्र आले.

हिंगोलीच्या सराफ्यात हे यंत्र आम्ही प्रथम पाहिले, तेव्हा अर्ध्या मिनिटात सोने, चांदी, तांबे, जस्त यांची टक्केवारी पडद्यावर उमटली. तत्त्व सोपे आहे. क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवून लावतो. बाहेरचा इलेक्ट्रॉन ती जागा घेतो आणि त्या घसरणीत अणू स्वतःचा क्ष-किरण बाहेर टाकतो. त्याची ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्यागणिक निराळी. हेन्री मोझली याने १९१३ मध्ये तिचे अणुक्रमांकाशी असलेले नाते दाखवून दिले. १९१५ मध्ये, अवघ्या २७ वर्षांचा असताना, तो गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला.

दागिन्यापुरते हे ठीक. परंतु सराफ्यात झारेकरीही येतात. सोनाराच्या कारखान्यातली केरधूळ विकत घ्यायची, ती धुवायची, पाऱ्याने व तेजाबाने तिच्यातले कण वेगळे करायचे, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. या धुळीवर यंत्र धरले तर? सोने पाण्याच्या १९.३ पट जड. ते ढिगाच्या तळाशी बसते आणि यंत्र वाचते फक्त वरचा थर. शिवाय जस्ताची एक रेषा सोन्याच्या रेषेला इतकी खेटून असते की एकीचा भास दुसरीच्या जागी होऊ शकतो. संगणकाच्या टाकाऊ पट्ट्यांची गोष्ट नेमकी उलटी. तिथे सोन्याचा पातळ मुलामा वरच असतो. तेवढ्यावर नेम धरला तर सारा कचरा श्रीमंत भासतो. म्हणून जाणकार आधी सगळा माल दळतात, कालवतात, त्याचा ढीग करून चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवतात, आणि हे पुनःपुन्हा करून उरलेली चिमूट यंत्राखाली देतात. एवढे करूनही वाद राहिला तर शेवटचा शब्द अग्नीचा असतो: शिशासह मूस तापवायची, हीण जाळायचे, उरलेल्या मण्यातली चांदी तेजाबात विरघळवायची आणि राहिलेले सोने तोलायचे. पाऱ्याची वाफ मात्र धुणाऱ्याच्याच छातीत जाते. ती कोणत्याही टक्केवारीत दिसत नाही.

परीक्षेची एक जुनी कथा आमच्याच जिल्ह्याशी निगडित आहे. परंपरा नामदेवांचे जन्मस्थान नर्सी मानते. तेरला संतमेळ्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे मस्तक ठोकून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले. व्यथित नामदेव अखेर औंढा नागनाथला विसोबा खेचरांपाशी पोहोचले. गोरोबांनी मातीचे प्रमाण विचारले नव्हते, हे इथे लक्षात घ्यावे. माती उत्तमच होती. भाजणे बाकी होते. घटकांची यादी कितीही अचूक असली तरी भाजले-न भाजलेपण तिच्यात येत नाही, आणि कच्चे म्हणून कुंभार मडके फेकून देत नाही.

आमच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध वाचताना हे सारे आठवते. एका उताऱ्यावर एखादा सिद्धान्त रोखायचा, इतके वास्तव, इतकी प्रतिमासृष्टी, इतका विद्रोह अशी वाटणी करायची आणि कृतीचा निकाल लावायचा, ही पद्धत रूढ झाली आहे. यंत्र खोटे बोलते असे आमचे म्हणणे नाही. जेवढे त्याच्यासमोर ठेवले तेवढ्याविषयी ते खरेच बोलते. प्रश्न आहे तो समोर काय ठेवले याचा. जात्यावरच्या ओव्या कित्येक काळ वाङ्मयाच्या अंगणातला केरच समजल्या गेल्या. तो केर पुढे ज्यांनी घरोघर जाऊन, ओवी ओवी करून वेचला, त्यांनी आधी ढीग तळापासून ढवळला. निकष मागाहून काढला. समीक्षेच्या वर्गात झारेकऱ्याचा हा क्रम शिकवला जावा, असे आम्हांस वाटते.